मेघालयाचं उपोष्ण डोंगरी जंगल: खान्देशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकला की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिलाँग-चेरापुंजीचे फोटो फिरायला लागतात आणि त्याखाली दरवर्षी तेच प्रश्न पडतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. टूर पॅकेजचे रेट इथे मिळणार नाहीत, भूगोल मिळेल. आणि मधे मधे सातपुडा येणारच, कारण आपण मोजमाप करायला दुसरा डोंगर आणणार कुठून.

हे जंगल नेमकं कुठे येतं?

आसामच्या खाली आणि बांगलादेशच्या वर जो उंच ओटा आहे ना, तो. पश्चिमेला गारो डोंगर, मधे खासी, पूर्वेला जैंतिया. हे तीन मिळून मेघालय राज्य, जे २१ जानेवारी १९७२ ला आसाममधून वेगळं झालं. क्षेत्रफळ २२,४२९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्याहून थोडे मोठेच होतात. राज्याचा पाऊणएक भाग सरकारी हिशोबात वनाच्छादित आहे, पण हा आकडा ऐकून लगेच डोळ्यापुढे काळंकुट्ट जंगल आणू नका, त्याचं पुढे सांगतो.

सगळ्यात उंच जागा शिलाँग शिखर, साधारण १९६० मीटर. गारो बाजूला नोकरेक, १४१२ मीटर. उत्तरेला उतार हळूहळू ब्रह्मपुत्रेकडे जातो आणि दक्षिणेला मात्र एकदम कडा तुटतो, खाली बांगलादेशातलं सिल्हेटचं सपाट पाणथळ मैदान. हा तुटलेला कडा लक्षात ठेवा, सगळी गंमत त्याच्यातच आहे.

उपोष्ण म्हणजे काय? आपण उष्ण आणि ते उपोष्ण, फरक एवढाच का?

उपोष्ण म्हणजे उष्ण आणि थंड यांच्या मधलं, आणि ते ठरतं अक्षांश आणि उंची, दोन्हींवरून. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, मध्यप्रदेशातून जातं. जळगाव २१ अंशावर म्हणजे त्याच्या खाली, शिलाँग साडेपंचवीसच्या आसपास म्हणजे त्याच्या वर. त्यात जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आणि शिलाँग १५०० वर. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं हे धरलं की हिशोब लागतो. म्हणून तिकडे ओकसारखी थंड हवेची झाडं दिसतात, आणि तेच खाली गारोच्या पायथ्याला उतरलात तर साल आणि बांबूचं गरम हवेचं जंगल लागतं.

आपल्या देशात वनांचे प्रकार ठरवताना आजही चॅम्पियन आणि सेठ या वनतज्ज्ञांची १९६८ ची वर्गवारी वापरतात. तिच्यात खासी डोंगराचं उपोष्ण आर्द्र वन वेगळं दिलंय. रुंद पानांच्या उपोष्ण डोंगरी वनांच्या त्याच गटात महाबळेश्वर आणि सातपुड्यातलं पचमढीही आहे. आपल्या भागातला सातपुडा मात्र उष्ण कोरड्या पानझडीत जातो: साग, सालई, धावडा, अंजन, मोह, टेंभुर्णी. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आणि अस्तंबा १३२५, म्हणजे उंची काही कमी नाही. कमी आहे ते पाणी.

तिकडे एवढा पाऊस का पडतो?

पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून वारा पाणी घेऊन निघतो, बांगलादेशच्या सपाट मैदानावरून येताना त्याला अडवायला टेकडीसुद्धा नाही. आणि मग अचानक समोर हजार-बाराशे मीटरची भिंत. वर चढायला दुसरा रस्ताच नाही. हवा वर चढली की थंड होते, थंड झाली की पाणी सोडते. त्यात दक्षिण कड्यात खोल घळी आहेत, वारा त्या घळीत शिरतो आणि नरसाळ्यात ओतल्यासारखा दाबला जाऊन वर येतो. बराच पाऊस रात्री आणि पहाटे पडतो, सकाळी ऊनसुद्धा निघतं कधीकधी.

आकडे ऐका. मावसिनरामची वर्षाची सरासरी ११,८७२ मिमी, शेजारच्या चेरापुंजीची, म्हणजे सोहराची, ११,७७७. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत चेरापुंजीला २६,४६१ मिमी पडला होता. जून १९९५ मध्ये तिथे २४ तासांत १५६३ मिमी नोंदला गेला आणि १७ जून २०२२ ला मावसिनरामला १००३ मिमी. आपल्या जळगावला अख्ख्या वर्षात ७०० च्या आसपास पडतो आणि तेवढ्यात कापूसही येतो, केळीला मात्र विहीर-बोअर लागतेच. म्हणजे आपल्या दोन वर्षांचा पाऊस त्यांच्या एका दिवसात. त्या दिवशी तिथल्या लोकांनी काय केलं असेल हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

आणि कडा ओलांडून तुम्ही जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर उत्तरेला शिलाँगला गेलात की पाऊस एकदम २२०० मिमीवर येतो. पर्जन्यछाया फक्त सह्याद्रीलाच आहे असं नाही.

मग सातपुडा पण डोंगरच आहे, तिथे का नाही पडत तसा?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. पहिली गोष्ट, आपल्याकडे येणारा अरबी समुद्राचा वारा सह्याद्रीवर आधीच बरंच पाणी सांडून येतो. दुसरी गोष्ट दिशेची. सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलाय आणि आपल्याकडचा पावसाळी वाराही पश्चिमेकडून येतो, त्यामुळे तो डोंगराला धडकत नाही, बाजूने तापीच्या खोऱ्यातून सरळ निघून जातो. गारो-खासी-जैंतियाची रांगसुद्धा पूर्व-पश्चिमच आहे हं, पण तिथे वारा दक्षिणेकडून येतो, म्हणजे छातीवर येऊन आदळतो. डोंगराची ठेवण सारखी, वाऱ्याची दिशा वेगळी, आणि एकीकडे सागवान दुसरीकडे ऑर्किड.

म्हणजे चेरापुंजीला सगळीकडे घनदाट जंगल असेल?

नाही. आणि इथेच बहुतेक लोक फसतात, फोटोत फक्त धबधबे दिसतात ना.

सोहराच्या पठारावर उभं राहिलं की बऱ्याच ठिकाणी उघडं गवताळ माळरान दिसतं. खुरटं गवत, मधे मधे दगड वर आलेले, झाड शोधावं लागतं. जगातला जवळजवळ सगळ्यात जास्त पाऊस आणि माथ्यावर जंगल नाही! कारण असं की इतका पाऊस उघड्या जमिनीवर पडला की माती राहतच नाही, सगळी वाहून खाली बांगलादेशात जाते. खाली उरतो वालुकाश्म आणि चुनखडीचा दगड. त्या दगडावर पातळ, सगळं सत्त्व धुऊन गेलेली, आंबट माती. एकदा झाडं गेली की तिथे परत रुजणं फार अवघड. झाडं का गेली याची कारणं जुनी आहेत, खासी लोक पूर्वीपासून लोखंड गाळायचे त्याला लाकडाचा कोळसा लागायचा, शिवाय सरपण, गवत पेटवणं, नंतर दगडी कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणी.

पुढचं ऐकून तर खरंच वाटणार नाही. डिसेंबर ते मार्च तिथे पाण्याची टंचाई असते. बायका लांबून झऱ्यावरून पाणी भरतात, टँकर येतात. आपल्या पारोळा-अमळनेरच्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल, फक्त आपल्याकडे पडत नाही म्हणून आणि तिकडे थांबत नाही म्हणून. चुनखडी पाणी धरत नाही, फटीतून गिळते आणि खाली गुहांमध्ये नेते.

त्यामुळे कोणी म्हटलं ना की पाऊस वाढला की जंगल आपोआप येईल, तर त्याला सोहरा दाखवा.

मग खरं जंगल आहे कुठे?

तीन जागी. एक, दक्षिण कड्याच्या घळींमध्ये. इतका तीव्र उतार की तिथे कोणी शेती करत नाही, आणि पालापाचोळा साचून माती तयार होते. सोहरापासून खाली नोंग्रियाट गावाकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरायला लागलात की पंधरा-वीस मिनिटांत जग बदलतं, वर माळरान आणि खाली खोडाखोडावर शेवाळ, नेचे, वेली, दमट वास, आणि घाम असा येतो की शर्ट पिळून घ्यावा.

दोन, देवराया. शिलाँगपासून पंचवीसेक किलोमीटरवर मावफलांगची देवराई आहे, सत्तर हेक्टरच्या पुढे. नियम एकच, आतलं काही बाहेर न्यायचं नाही. पान नाही, काटकी नाही, खडा नाही. बाहेर गवताचं मैदान आणि मधे रेघ मारल्यासारखी जंगलाची कड, आत पाऊल टाकलं की अंधार. बाजूच्या मोकळ्या मैदानावर पाऊस तोच, हवा तीच, तरी एका बाजूला शेकडो वर्षांचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला गवत. फरक फक्त माणसांनी ठरवल्याचा. मला विचाराल तर अख्ख्या मेघालयात बघण्यासारखी एकच जागा निवडायची झाली तर धबधबे सोडून ही निवडा.

तीन, गारो डोंगरातलं नोकरेक आणि बालपाक्रम. नोकरेकला १९८८ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र केलं आणि २००९ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं.

झाडं कुठली कुठली आहेत?

थंड भागात ओक, चेस्टनटच्या जातीची झाडं, मॅग्नोलिया, वरच्या अंगाला लाल फुलांचा बुरांस. शिलाँगच्या आजूबाजूला जे पाईनचं जंगल दिसतं तो खासी पाईन, साधारण ९०० ते १८०० मीटरच्या पट्ट्यात. लोकांना तेच मूळ जंगल वाटतं, पण पुष्कळ ठिकाणी मूळचं रुंद पानांचं जंगल तुटल्यावर किंवा जळल्यावर पाईन घुसलेला आहे. फोटो छान येतात, खाली मात्र सुयांची गादी आणि फारसं काही उगवत नाही.

ऑर्किडच्या तीनशेच्या वर जाती सांगतात. आणि एक घटपर्णी आहे, नेपेंथिस खासियाना, भारतात सापडणारी घटपर्णीची एकमेव जात. पानाच्या टोकाला झाकण असलेली सुरई, काठ गुळगुळीत, मुंगी घसरून आत पडली की संपली. हौस म्हणून करते का ती असं? नाही, ती जिथे उगवते तिथल्या धुतलेल्या मातीत नायट्रोजनच नाही, मग कीटकातून मिळवते. म्हणजे पावसाने माती धुऊन नेली त्याचाच हा दुसरा परिणाम.

नोकरेकमध्ये रानटी संत्रं आहे, सिट्रस इंडिका. लिंबू-संत्र्याच्या खानदानातली फार जुनी जात म्हणून तिच्यासाठी तिथे मुद्दाम राखीव जागा ठेवलीये.

रावेर-यावलवाल्यांचा हक्काचा प्रश्न: तिकडे केळी होते का?

होते, आणि रानातही उगवते. ईशान्य भारत हा केळीच्या मूळ घरांपैकी एक मानतात. घळीत, रस्त्याच्या कडेला, जिथे दरड कोसळून उजेड आलाय तिथे रानकेळीचे झुपके असतात. फळ बोटाएवढं, सोललं की आत गर नावाला आणि बाकी काळ्या बिया, मिऱ्यापेक्षा मोठ्या आणि दाताने फुटणार नाहीत इतक्या टणक. आपण लावतो त्या जी-नाईन जातीच्या केळीला बी नाही, म्हणून तर टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं विकत आणावी लागतात आणि सगळ्या झाडांचं रक्त एकच, एकाला रोग आला की लाईनच्या लाईन जाते. रोगाला तोंड देणारे गुण शोधायला शास्त्रज्ञ याच बियाळ रानकेळीकडे बघतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचे नातेवाईक तिकडे दरडीवर फुकट उभे आहेत.

तिकडचं काही आपल्या घरात येतं का?

घरातला मऊ फुलझाडू बघा. तो ज्या गवताच्या तुऱ्यांचा असतो ते गवत मेघालयात डोंगरउतारावर मोठ्या प्रमाणात लावतात आणि तिथून देशभर जातं. काळ्या मसाल्यात घालतो ते तमालपत्रही तिकडच्या झाडांचं असू शकतं, जंगलाच्या सावलीत त्याच्या बागाच असतात. सुपारी, विड्याचं पान, मिरी पण त्याच घळींमध्ये होते. जैंतियाची लाकाडोंग हळद हल्ली ऑनलाईन खूप विकली जाते.

जिवंत मुळांचे पूल खरंच असतात का, की एडिट केलेले फोटो?

खरंच असतात. रबराचं झाड, वडाच्याच भावकीतलं. त्याला वरून मुळं सुटतात, आपल्या वडाच्या पारंब्या तशी. पोखरलेल्या सुपारीच्या खोडातून ती मुळं ओढ्यावरून पलीकडे नेतात, पलीकडे जमिनीत रुजली की जाड होत जातात. माणसाचं वजन पेलायला पंधरा ते तीस वर्षं लागतात, म्हणजे बाप लावतो आणि पोरगा चालतो. लाकडी पूल त्या पावसात काही वर्षांत कुजतो, हा उलट दरवर्षी मजबूत होतो. नोंग्रियाटचा दुमजली पूल सगळ्यांना माहिती आहे, पण दक्षिण उतारावर असे पुष्कळ आहेत. २०२२ मध्ये ते जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले.

प्राणी?

हूलॉक गिबन, भारतात सापडणारा खरा बिनशेपटीचा वानर. सकाळी जोडीने ओरडतात, लांबवर ऐकू येतं. गारो डोंगरात हत्ती आहेत. बिबट्या तर सगळीकडेच आहे, आपल्याकडे उसात तसा तिकडे बांबूत.

सातपुडा आणि मेघालय पूर्वी जोडलेले होते असं ऐकलंय, खरं का?

दगडांच्या बाबतीत, हो, मेघालयचं पठार हे दख्खनच्या द्वीपकल्पाचाच सुटा झालेला तुकडा आहे. मधला राजमहाल टेकड्या ते गारो हा भाग खचला आणि गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने भरून गेला. तिथला मूळ खडक फार जुना, आपला बेसाल्ट त्याच्यापुढे काल परवाचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. पण खासी डोंगराच्या दक्षिण कडेलाही थोडा बेसाल्ट सापडतो, तो आपल्याहून जुना, अकरा-बारा कोटी वर्षांचा.

आता जीवांचं. सुंदरलाल होरा नावाचे मोठे मत्स्यशास्त्रज्ञ होते. त्यांना दिसलं की डोंगरी ओढ्यात दगडाला चिकटून राहणारे काही मासे आसामच्या डोंगरात आहेत आणि एकदम दूर पश्चिम घाटात आहेत, मधे नाहीत. त्यांनी १९४० च्या दशकात मांडणी केली की एकेकाळी विंध्य-सातपुड्याची रांग जास्त ओली आणि सलग होती आणि हे मासे त्याच वाटेने पश्चिमेकडे आले. याला सातपुडा सिद्धांत म्हणतात. म्हणजे आपल्या पाल-यावलच्या वरून जो डोंगर जातो तो त्यांचा हायवे! आज सगळे अभ्यासक हे जसंच्या तसं मानत नाहीत, काहींचं म्हणणं हे साम्य वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारणांनी आलंय. पण पचमढीच्या दमट घळीत आजही वृक्षनेचे उभे आहेत, पानझडीच्या समुद्रात बेटासारखे, ते बघितलं की होरांना असं का वाटलं असेल ते कळतं.

तिकडे भूकंप होतात म्हणे?

होतात. १२ जून १८९७ चा भूकंप आठच्या वरचा होता, शिलाँगमधली दगडी बांधकामं सपाट झाली. त्यानंतर तिथे लाकूड-बांबू-चुन्याची हलकी घरं बांधायची पद्धत पक्की झाली. जुनी घरं बघायला मिळाली तर भिंतीवर टकटक करून बघा. याच भूकंपाचा अभ्यास करता करता ओल्डहॅम या भूशास्त्रज्ञाने भूकंपाच्या लाटांचे वेगवेगळे प्रकार नोंदीत ओळखले. आज हा भाग सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात मोडतो.

गुहांचं काय?

पाणी चुनखडी खात खाली जातं म्हटलं ना, त्याच त्या. लियाट प्राह ही गुहा तीस किलोमीटरच्या वर मोजली गेलीये. सोहराजवळच्या मॉमलूह गुहेतल्या चुन्याच्या खांबात मात्र वेगळाच खजिना निघाला. त्याच्या थरांमध्ये ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली आणि २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला मेघालयन हे नाव मिळालं. जगातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एकीने दुष्काळाची नोंद जपून ठेवली! आपल्या तापीकाठच्या सावळदा संस्कृतीची रंगवलेली मडकी साधारण याच काळाच्या आसपासची.

जंगल कोणाचं? फॉरेस्टचं?

बहुतांश नाही. घटनेच्या सहाव्या अनुसूचीमुळे तिथे स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत आणि बरंचसं जंगल गावाचं, कुळाचं किंवा खाजगी मालकीचं आहे. वनखात्याच्या थेट ताब्यात थोडाच भाग. आपल्याकडे उलटं, सातपुड्यात जंगल सरकारचं आणि आतल्या पावरा-भिल्ल लोकांना २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही दाव्यांच्या फायली घेऊन फिरावं लागतं.

पण मालकी गावाची म्हणजे सगळं चांगलंच असंही नाही. त्याच मालकीमुळे देवराई टिकली आणि त्याच मालकीमुळे जमीनमालकाने खाली कोळसा आहे म्हणून उंदराच्या बिळासारखे बोगदेही खणले. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये या खाणींवर बंदी घातली, तरी नंतरही तिथे माणसं मेल्याच्या बातम्या आल्या. खाणीतलं गंधकाचं पाणी उतरून जैंतियातल्या काही नद्या तांबड्या-निळ्या झाल्यात आणि मासे गेलेत. झूम शेतीचंही, म्हणजे जंगल तोडून-जाळून करायच्या फिरत्या शेतीचंही तसंच, पूर्वी तोडलेल्या तुकड्याला वीसएक वर्षं विश्रांती मिळायची तेव्हा जंगल परत यायचं, आता चार-पाच वर्षांत परत नंबर लागतो.

तठे थंडी कितली पडस?

पडते भाऊ. शिलाँगला जानेवारीत पहाटे चार-पाच अंश, कधी गवतावर दहिवर गोठतं. उन्हाळ्यात दुपारी पंचवीसच्या आसपास. आपल्या मे महिन्यात तिकडे रात्री पांघरूण लागतं, हे ऐकून उगाच जळू नका.

जायचं कधी, आणि खायचं काय?

जंगल बघायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, पाऊस ओसरलेला असतो, धबधब्यांना पाणी असतं, दरडीचा त्रास कमी. पाऊसच बघायचा असेल तर जून-जुलै, पण मग धुक्यात दहा फुटांवरचं दिसेल याची गॅरंटी नाही. मुंबईहून गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाड्या भुसावळला मिळतात, गुवाहाटी ते शिलाँग शंभरएक किलोमीटर. जेवण भात आणि मटण-डुकराचं, शाकाहारी लोकांनी शेव आणि कळण्याचं पीठ बरोबर ठेवावं. घळीत उतरताना जळवा लागतात, पँट मोज्यात खोचा. चिकटली तर ओढू नका. तंबाखूचं पाणी लावलं की सुटते, आणि तंबाखूची पुडी आपल्याकडून निघालेल्या कुठल्याही ग्रुपमध्ये कोणा ना कोणाच्या खिशात असतेच.